जिताडा दाणा तोंडात घेतो आणि थुंकतो

वाचकाचं पत्र: गोराईला खाडीलगत आमचं अर्ध्या एकराचं तळं आहे. त्यात जिताडा सोडलाय, आता नग पाव किलोच्या आसपास भरतो. आजवर कंपनीचं फिशमीलवालं, म्हणजे सुक्या मासळीची पूड घातलेलं तरंगतं खाद्य देत होतो. ते परवडेना, म्हणून ओळखीच्या मिलमधून सोयापेंडीचं खाद्य करून घेतलं. फिशमील त्यात अगदी नावाला. गोणी बदलली त्या दिवशी मासे नेहमीसारखे झेपावले. पण तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून खाद्य पाण्यावर तसंच पडून राहतं आणि वाऱ्याने एका कोपऱ्यात गोळा होतं. मिस्टर म्हणतात, जिताडा काही शाकाहारी व्हायचा नाही, ससून डॉकवरून बारीक मासळी आणून कापून टाकू. दुकानदार भूक वाढवायची बाटली गळ्यात मारतोय. दीर म्हणतो लसूण वाटून घाला. नेमकं काय करू? आणि सोयावर वाढलेल्या माशाची चव उतरते का हो? – गोराईची एक वाचक

ताई,

बाटलीचे पैसे तूर्त हातातच ठेवा. लसणाचंही नंतर बघू. उद्या सकाळी ऊन जरा वर आलं की बांधावर बसा, मूठभर दाणा टाका आणि नुसतं बघा. मूठभरच टाका. पाटी ओतली की पाणी उसळतं आणि कोण काय करतंय ते कळत नाही.

‘मासे खात नाहीत’ या एका तक्रारीमागे निरनिराळ्या भानगडी असू शकतात. मासा वर येतच नसेल, तर खाद्याला दोष देण्याआधी पाणी तपासायचं. मासा येतो, दाणा तोंडात घेतो आणि बाहेर टाकतो, तर दोष चवीचा किंवा दाण्याच्या कडकपणाचा. आणि दोन-तीन आठवडे नीट खाऊन मग हळूहळू खाणं उतरत गेलं, तर पोटात काहीतरी बिनसलंय. या तिन्हींवर एकच बाटली चालेल असं सांगणाऱ्या दुकानदाराला दुरूनच नमस्कार करा.

तुमच्या पत्रातली कामाची ओळ म्हणजे पहिल्या दिवशी मासे झेपावले. जिताडा डोळ्यांनी शिकार करणारा मासा. हलणारी वस्तू दिसली की तो येतो, आणि नवा दाणा दिसायला जुन्यासारखाच होता. पण गिळायचं की नाही, हे तोंडात ठरतं. माशाच्या ओठांवर, तोंडाच्या आत, कल्ल्यांच्या कमानींवरसुद्धा चव कळणाऱ्या कळ्या असतात. जवळून पाहिलंत तर दिसेल, जिताडा खालून येतो, तोंड फाकतो, पाण्यासकट दाणा आत ओढला जातो आणि ‘टप्’ असा आवाज येतो. मग तो वळतो, क्षणभर कल्ले हलतात, आणि तोच दाणा कडेने जरासा झिजून पुन्हा वर येतो. कधी एकाने टाकलेला दाणा दुसरा घेतो आणि तोही टाकतो. असं चार दिवस झालं की मासे वर यायचंच सोडतात. तुमच्याकडे बहुधा हेच झालंय.

पण ‘बहुधा’वर पैसे लावू नका, खात्री करून घ्या. जुन्या खाद्याची एखादी गोणी शिल्लक असेल किंवा शेजाऱ्याकडून किलोभर मिळत असेल, तर त्याच वेळी, त्याच कोपऱ्यात एक मूठ जुनं आणि थोड्या वेळाने एक मूठ नवं टाका. जुनं खाल्लं आणि नवं थुंकलं, तर दोष मिलच्या गोणीत. दोन्हींकडे पाठ फिरवली, तर पाण्यात किंवा माशाच्या अंगात. या चाचणीला दमडी लागत नाही, आणि बाटल्या विकणारे ती कधी सांगत नाहीत.

पाण्याचं थोडक्यात सांगते. विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर हवा. ३च्या आसपास आला की मासा खाणं टाकतो, मग खाद्य कितीही चविष्ट असो. तळ्यात ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो तो पहाटे, आणि आपल्याकडे पावसाळी ढग आठवडाभर हटत नाहीत तेव्हा दिवसासुद्धा. म्हणून अंधारात उठून खाद्य टाकायची घाई नको. मोठ्या पावसानंतर खारेपणा एकदम उतरतो. जिताडा गोड्या-खाऱ्या दोन्ही पाण्यांत जगतो, पण एकाएकी झालेल्या बदलाने दोन दिवस तोंड मिटून बसतो. आणि तो कोपऱ्यात साचलेला न खाल्लेला खच रोजच्या रोज जाळीने काढा. तो कुजला की अमोनिया वाढतो आणि उरलीसुरली भूकही जाते.

आता मूळ मुद्दा. सोयापेंडीत असं काय आहे, किंवा काय नाही, की जिताडा तोंड वाकडं करतो?

आधी नाही ते सांगते. फिशमीलमध्ये नुसती प्रथिनं नसतात. त्यात ग्लायसीन, अॅलानिनसारखी सुटी अमिनो आम्लं, बीटेन, न्यूक्लिओटाइड असे पाण्यात चटकन विरघळणारे पदार्थ असतात. मांसाहारी माशाला ‘हे आपलं खाणं’ ही खूण त्यांच्यामुळेच पटते. सोयात प्रथिनं आहेत, पण ही खूण जवळपास नाही. टॉरीन नावाचं आम्ल तर वनस्पतींत नसल्यातच जमा, आणि जिताड्यासारख्या माशाला ते लागतं. सोयात मेथिओनिन हे गरजेचं अमिनो आम्लही तोकडं पडतं. शेंगदाणा पेंडीत मेथिओनिनबरोबर लायसिन हे दुसरं अमिनो आम्लही कमी.

आता नको असून आहे ते. सोयात सॅपोनिन असतात, ते कडवट लागतात आणि आतड्यालाही त्रास देतात. सामन माशात सोयापेंडीने आतड्याला सूज येते हे चांगलं माहीत झालंय. कच्च्या सोयात ट्रिप्सिन रोखणारे घटक असतात. ते उष्णतेने मरतात, पण पेंड नीट भाजलेली असेल तरच. सोयातलं फायटेट फॉस्फरस आणि जस्त धरून ठेवतं, माशाला मिळू देत नाही. मोहरीच्या पेंडीत तिखट ग्लुकोसिनोलेट, सरकीच्या पेंडीत गॉसिपॉल हे विषारी द्रव्य. रोहू-कटल्याला वर्षानुवर्षं पेंड आणि भाताचा कोंडा चालत आलाय तो त्यांचा पिंड वेगळा म्हणून. तो हिशेब जिताड्याला लावता येत नाही. तेवढ्यापुरतं तुमच्या मिस्टरांचं बरोबर आहे.

त्यांचा उपाय मात्र चुकीचा आहे. कच्ची बारीक मासळी कापून टाकली तर मासे तुटून पडतील यात शंका नाही. पण किलोभर जिताडा वाढवायला अशी मासळी कित्येक किलो लागते, अर्धी पाण्यात विरघळून तळं घाण करते, बाहेरचा रोग आत येतो, आणि काही जातींच्या कच्च्या मासळीत थायामिनेज असतं, ते जीवनसत्त्व ब-१ नासवतं. सगळ्यात वाईट म्हणजे ताज्या मासळीला चटावलेला जिताडा पुन्हा दाण्याकडे बघत नाही. बोटुकली, म्हणजे बोटाएवढं पिल्लू असताना नर्सरीवाल्याने त्याला दाण्याची सवय लावायला जी मेहनत घेतली, ती एका आठवड्यात पाण्यात जाते. पाण्यातच म्हणा.

त्यापेक्षा आपल्या स्वयंपाकघरातली युक्ती वापरा. वांग्यात चार सोडे (सोललेली सुकी कोळंबी) पडले की ज्या पोराला वांगं बघवत नाही तेही ताट चाटून पुसतं. भाजी वांग्याचीच राहते, बदलते ती चव. जिताड्याच्या खाद्यातही तेच करायचं, आणि गोराईत बसून त्यासाठी कंपनीची बाटली कशाला? तुमच्याकडे जवळा आहे.

सुका जवळा इवल्या कोळंबीसारखाच जीव. मघाशी म्हटलेली सुटी अमिनो आम्लं आणि बीटेन त्यात भरपूर. घ्याल तो बिनमिठाचा घ्या, आणि चटईवर किंवा बांबूच्या मांडवावर वाळवलेला घ्या. वाळूवर पसरून सुकवलेल्यात दहा टक्के रेती आली तर ती तुम्ही जवळ्याच्या भावाने विकत घेता. चव बघायला एक चिमूट तोंडात टाका, दाताखाली करकर वाजला तर परत द्या. कडक उन्हात तासभर तापवून मिक्सरमध्ये बारीक पूड करा आणि चाळून घ्या. दहा किलो खाद्याला ३०० ते ५०० ग्रॅम पूड पुरते.

आता ती दाण्याला चिकटवायची कशी? नुसती भुरभुरलीत तर पाण्यात पडताच सुटेल. पाव लिटर कोमट पाण्यात थोडं जिलेटिन विरघळवा. ते नको असेल तर मैद्याची अगदी पातळ खळ शिजवून गार करा. मोठ्या घमेल्यात दाणा घेऊन त्यावर हे पाणी शिंपडत हाताने वरखाली करा, दाणा ओलसर चकाकला की पूड भुरभुरवा आणि पुन्हा हलवा. सावलीत पसरून अर्धा-पाऊण तास वाळू द्या. मग वरून दहा किलोला १५० ते २०० मिली माशाचं तेल चोळा. आधी तेल लावलंत तर पूड नीट धरत नाही, क्रम उलटा करू नका. तेलाचा वास घेऊन बघा. खवट तेल भूक वाढवायच्या ऐवजी घालवतं. रोजचं रोज लावा, आठवड्याचं एकदम नको. पाणी जास्त झालं तर तरंगता दाणा फुगून बुडतो, म्हणून शिंपडायचंच, भिजवायचं नाही.

मिस्टरांना ससूनला जायचंच असेल तर कोळंबी सोलतात तिथून ताजी डोकी आणू देत. ती थोड्या पाण्यात चांगली उकळा, गाळा आणि वरच्या खळीऐवजी ते पाणी तेवढ्याच बेताने वापरा. उकळल्याशिवाय वापरू नका, विशेषतः आसपास कुणाचं कोळंबीचं तळं असेल तर. पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू कच्च्या डोक्यांतून पसरतो आणि शेजाऱ्याचं वर्ष वाया जातं. माकूल (स्क्विड) साफ करताना निघणारा टाकाऊ भागही असाच उकळून, वाळवून, दळून चालतो. किंबहुना माकुलाची पूड जवळ्यापेक्षा काकणभर सरस, पण मिळायला हवी ना.

बाटली घ्यायचीच तर लेबल वाचा. बीटेन, टॉरीन, माकुलाची पूड, माशाचा किंवा क्रिलचा अर्क असं काही प्रमाणासकट लिहिलं असेल तर विचार करा. बीटेन किंवा टॉरीन खाद्याच्या अर्धा ते एक टक्का या बेताने वापरतात. नुसतं ‘जबरदस्त भूक’ लिहून माशाचं चित्र काढलं असेल तर ते चित्र तेवढं छान म्हणा. लसणाचा काही माशांत उपयोग दिसलाय, पण सोयाच्या कडवटपणावर तो पहिला उतारा नव्हे. दिराला सांगा, लसूण चिंबोरीच्या कालवणात घाल.

हे सगळं झालं वरून लावायचं. खरी दुरुस्ती मिलमध्ये आहे, आणि तिथे तुम्हालाच बोलायला हवं. सोया कोणता घातला ते विचारा. कच्चं सोयाबीन दळून घातलं असेल तर ती गोणी जिताड्याला देऊच नका. तेल काढलेली, नीट भाजलेली पेंड असेल तर तिची युरिएज चाचणी झाली का ते विचारा. उष्णता पुरली की नाही ते त्यावरून कळतं, आणि कोंबडी खाद्य करणाऱ्या मिललाही ही चाचणी माहीत असते. अल्कोहोलने धुतलेलं सोया प्रोटीन कॉन्सन्ट्रेट महाग पडतं, पण त्यातले सॅपोनिन बरेचसे निघून गेलेले असतात. आंबवलेली सोयापेंड मिळाली तर उत्तमच. सगळा भार एकट्या सोयावर टाकण्यापेक्षा सोया, मक्याचं ग्लुटेन, थोडी शेंगदाणा पेंड अशी मोट बांधलेली बरी. एकाची उणीव दुसरा थोडीफार भरतो आणि कुठलाच कडवट घटक डोईजड होत नाही. वर मेथिओनिन, लायसिन, टॉरीन घालायला सांगा. जवळ्याची पूड चव आणते, पण ही तूट भरून काढत नाही. खाऊनही मासा वाढत नसेल किंवा महिन्याभराने खाणं उतरलं, तर कारण इथे शोधा.

गोणीवर ‘प्रथिनं ४२ टक्के’ छापलेलं असतं त्यावर भुलू नका. तो आकडा नत्र मोजून, त्याला ६.२५ने गुणून काढलेला असतो. त्यात मेथिओनिन किती, पचणारं किती, हे कळत नाही. कुणी युरिया मिसळला तरी आकडा फुगतो.

आणि फिशमील ‘अगदी नावाला’ ठेवू नका. माझं मत विचाराल तर जिताड्याच्या खाद्यात ते पंधरा-वीस टक्क्यांच्या खाली नेण्याची उडी एका हंगामात मारू नये. प्रयोगशाळेत याहून कमी करून दाखवतात, पण तिथे प्रत्येक घटक तोलून घातलेला असतो. ओळखीच्या मिलमध्ये फावड्याने मिसळतात.

सध्याच्या गोणीवर परत येऊ. ती कच्च्या सोयाची नसेल तर फेकू नका, पण एकदम देणंही थांबवा. पहिले चार-पाच दिवस तीन भाग जुनं आणि एक भाग नवं, तेही जवळा लावलेलं. मग अर्धं-अर्धं, मग एक भाग जुनं. दोन आठवडे घ्या. सुरुवात करण्यापूर्वी एक दिवस उपास घडला तर हरकत नाही, भूक लागलेला मासा नव्या दाण्याशी जरा समजुतीने वागतो. मात्र उपास लांबवू नका. जिताडा भुकेला राहिला की धाकट्या भावंडांना गिळतो. त्याच कारणाने लहान-मोठे मासे वेगळे करून घ्या. मोठे दांडगे खाद्याच्या जागेवर कब्जा करतात, बारके कडेला राहतात आणि आपल्याला वाटतं, खाद्यच संपत नाही.

दाणा दाबून बघा. पिठूळ घटक जास्त झाले की तो दगडासारखा कडक होतो आणि चव चांगली असूनही मासा थुंकतो. पाच मिनिटं पाण्यात ठेवलेला दाणा बोटांत चिरडता आला पाहिजे, पण विरघळता कामा नये. आकार माशाच्या उघड्या तोंडाच्या निम्म्याहून कमी ठेवा. वाऱ्याने खाद्य कोपऱ्यात जातं त्यावर सोपी तोड म्हणजे पीव्हीसी पाइपची तरंगती चौकट करून दोरीने बांधायची आणि खाद्य तिच्या आतच टाकायचं. सकाळ-संध्याकाळ, ठरलेली वेळ, ठरलेली जागा, हाताने थोडं थोडं. झेप मंदावली की हात आवरा.

पावसाळ्यात गोण्या भिंतीला टेकवून, जमिनीवर ठेवल्या असतील तर आजच उचला. आपल्या दमट हवेत पंधरा दिवसांत बुरशी धरते, आणि पेंडीवरच्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन यकृत खराब करतं. खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून वीतभर अंतर. कुबट वास आला की ती गोणी माशांना नाही आणि घरच्या कोंबड्यांनाही नाही.

स्वस्ताचा हिशेबही एकदा मांडून बघा. समजा जुन्या खाद्याचं १.६ किलो घातलं की किलोभर मासा वाढत होता, आणि नव्याचं २.४ किलो लागतंय. मग नवं खाद्य एक-तृतीयांशाने स्वस्त असलं तरी तुमची बचत शून्य, वर दिवस वाढले ते वेगळेच. किलोमागचा भाव मिलवाला सांगेल, माशामागचा भाव तुम्हालाच काढावा लागेल. वहीत रोजचं खाद्य आणि पंधरवड्याला दहा-वीस माशांचं वजन लिहा.

नमुना तपासून घ्यायचा तर लांब जायला नको. वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, १९६१ सालापासूनची, आणि तिथे मत्स्यपोषणाचा वेगळा विभाग आहे. मनोरीहून बोटीने मार्वे, पुढे रस्त्याने मढ, आणि मढच्या तरीने वर्सोवा असं तुम्हाला जाता येईल. जाताना गोणीच्या वरून, मधून आणि तळातून घेतलेलं खाद्य एकत्र करून किलोभर न्या, मिलने दिलेला घटकांचा कागदही न्या.

पुढच्या हंगामासाठी एक सुचवते. बोटुकली घेताना नर्सरीवाल्याला विचारा की दाण्याची सवय लावतानाच थोडं सोयामिश्रित खाद्य देता येईल का. रेनबो ट्राउटवरच्या प्रयोगांत, अगदी सुरुवातीला काही आठवडे वनस्पतीजन्य खाद्य चाखलेली पिल्लं मोठेपणी तेच खाद्य जास्त खुशीने खाताना आढळली. ट्राउट म्हणजे जिताडा नव्हे, पण तोही मांसाहारीच, आणि विचारायला पैसे पडत नाहीत. खर्च फारच टोचत असेल तर तळ्याचा एक भाग जाळी लावून वेगळा करा आणि त्यात बोय ही खाडीतली मासळी वाढवा. ती चिखलातलं शेवाळ, कुजका पालापाचोळा खाऊन पोसते आणि पेंड-कोंड्याला नाक मुरडत नाही. जाळी मात्र पक्की हवी, पलीकडे कोण राहतं ते तुम्हाला माहीत आहे.

राहिला चवीचा प्रश्न. सोयापेंडीने चव फारशी हलत नाही, तेलाने हलते. माशाच्या तेलाऐवजी सोया किंवा पामतेल घातलं की मांसातलं ओमेगा-३ उतरतं, कारण मासा जी चरबी खातो तीच अंगावर बाळगतो. यावर तोड आहे. विक्रीआधीचे दीड-दोन महिने माशाच्या तेलाचं खाद्य दिलं की बरंचसं परत येतं, म्हणजे महाग तेल वर्षभर घालायची गरज नाही. आणि गिऱ्हाईक ‘चिखलाचा वास येतो’ म्हणालं तर तो सोयाचा दोष नाही, तो पाण्यातल्या शेवाळी जीवाणूंच्या जिओस्मिनचा. त्यासाठी काढणीआधी तीन-चार दिवस मासे स्वच्छ, वाहत्या पाण्यात बिनखाद्याचे ठेवा.